सतत पाणी पिणाऱ्या कुत्र्यांच्या तपासणीसाठी मदतीचे आवाहन

खानापूर तालुक्यातील ग्रामस्थ, शेतकरी बंधू-भगिनी आणि प्राणिप्रेमी यांस सप्रेम नमस्कार.

शेतघरी राखणीला असलेले कुत्रे वरचेवर पाण्याचे भांडे रिकामे करू लागले, रात्री दारातच लघवी करू लागले, तर उन्हाळा आहे म्हणून आपण ते सोडून देतो. काही जण तर घाण होते म्हणून त्याचे पाणीच तोडतात. असे कृपया करू नये. अशी तहान वाढविणाऱ्या आजारांत बहुधा मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही म्हणून कुत्रे अधिक पिते, आणि पाणी बंद झाले की त्याच्या जिवावर बेतू शकते.

दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याने दीड लिटरहून अधिक, पिणे ही तपासणीची वेळ समजावी. ओढ्यावर जाऊन पिणाऱ्या मोकळ्या कुत्र्याचे असे मोजमाप होत नाही, हे आम्हीही जाणतो. त्याची सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत आणली तरी पुष्कळ कळते. उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, पाहतात त्याच जातीच्या, पण लघवीसाठी आखलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवला की तिची पाण्याच्या तुलनेतील घनता दिसते: १.०३० च्या वर असल्यास मूत्रपिंड सहसा काम करीत आहे, १.००८ ते १.०१२ च्या आसपास राहिल्यास रक्ततपासणी लांबवू नये. लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीवर साखर दिसली तर मधुमेहाचा संशय येतो. नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर काही आठवड्यांत असे पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते, आणि तेथे एक दिवसही थांबणे परवडत नाही. खाजेवर दिलेल्या स्टेरॉइडनेही तहान वाढते, म्हणून जुनी चिठ्ठी सोबत आणावी.

आमच्या मंडळाकडे यांपैकी एकही साधन नाही. एक रिफ्रॅक्टोमीटर, लघवीच्या पट्ट्या, ग्लुकोमीटर आणि बेळगावच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने पोचविण्याचा खर्च यांसाठी आपण यथाशक्ती देणगी द्यावी, ही नम्र विनंती. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च कार्यालयाबाहेरील फलकावर लावला जाईल. रोख देणे शक्य नसल्यास आठवड्यातून एकदा बेळगावला जाणारे आपले वाहन नमुन्यांसाठी उपलब्ध करून द्यावे. नमुने बर्फाच्या डब्यात बांधून देण्याची जबाबदारी आमची.

आपले नम्र,
मंडळाचे पदाधिकारी व सदस्य