मगावरचा माणूस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मग पोचला. सकाळचा चहा आता त्यातच घेते. रोज डोळ्यांसमोर तुमच्या विद्यापीठाची ‘येल’ ही अक्षरं येतात, तेव्हा म्हटलं, हा माणूस होता तरी कोण, बघू तर.

एलिहू येल. जन्म बॉस्टनचा, १६४९ चा. वाढला मात्र इंग्लंडात. १६७२ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला उतरला, पगार वर्षाला १० पौंड. १६८७ मध्ये तोच फोर्ट सेंट जॉर्जचा, म्हणजे कंपनीच्या मद्रासच्या किल्ल्याचा, गव्हर्नर. मधल्या काळात कंपनीच्याच एका अधिकाऱ्याच्या पैसेवाल्या विधवेशी लग्न केलं. कंपनीच्या नोकरांना पदरचा व्यापार करायची मुभा होतीच, हा हिऱ्यांतही होता. पण गव्हर्नर झाल्यावर कंपनीचा हुकूम डावलून यानं मद्रासच्या व्यापाऱ्यांशी गुपचूप करार केले. कुंपणानंच शेत खाल्लं म्हण ना.

आता आपल्याकडचा भाग. राजाराम महाराज तेव्हा जिंजीला होते, मुघल फौज पाठीवर, पैशाची ओढाताण. १६९० साली येलनं मराठ्यांकडून कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला कंपनीसाठी विकत घेतला. अट काय, तर किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरची जमीन कंपनीची. इंग्रजांनी चांगली लांब पल्ल्याची तोफ मद्रासहून मागवली, हे सांगायला नकोच. गोळ्याच्या टप्प्यात आलेल्या गावांना पुढे ‘गुंडू ग्रामम’ म्हणू लागले, गोळ्याची गावं. हे वाचून आधी हसू आलं, मग आलं नाही. तोफ कुठवर जाते हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? गरज होती, दुसरं काय.

किल्ल्याचं नाव ठेवलं सेंट डेव्हिड. हे वेल्सच्या संताचं नाव, पण येलच्या मुलाचंही नाव डेव्हिडच. तो लहानगा १६८८ साली मद्रासमध्येच गेला. त्याला जिथे पुरलं, ते आता तिथल्या उच्च न्यायालयाचं आवार आहे. मावशीकडे गेले होते तेव्हा त्या आवाराबाहेरून दोनदा रिक्षानं गेले, आणि मला पत्ताच नाही! चोराबद्दल वाचतेय असं मनाशी धरून बसले होते, तर हे मूल मध्ये आलं.

१६९२ मध्ये कंपनीनं येलची उचलबांगडी केली. झालं, संपला, असं तुला वाटेल. छे! नोकरी गेली, पैसा कुठे गेला? १६९९ पर्यंत तो मद्रासलाच होता, आणि मग गडगंज होऊन लंडनला परतला. उतारावर लागलेल्या माणसाचा इतका चांगला उतार मी पाहिला नाही.

१७१८ मध्ये अमेरिकेत कोनेटिकटमधल्या एका गरजू कॉलेजला त्यानं नऊ गाठी माल, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं चित्र पाठवलं. माल विकून ५६२ पौंड आले. तेवढ्यावर कॉलेजला त्याचं नाव लागलं, तेच आता माझ्या चहावर आलंय. १७२१ साली तो वारला. वेल्समधल्या रेक्सहॅमला त्याच्या थडग्यावर पद्य कोरलंय, त्यात म्हटलंय की चांगलं पुष्कळ केलं, वाईट थोडं, तेव्हा फिटंफाट झाली असावी. वही याची, जमाखर्च यानंच मांडायचा आणि शिल्लकही यानंच काढायची. मद्रासहून सेंट हेलेना बेटावर गुलाम धाडले जात तेव्हा तिथला कारभारी हाच होता. ती माणसं या वहीत कुठल्या बाजूला?

तुमच्या विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयाकडे एक चित्र आहे. येल आणि त्याची मंडळी टेबलाशी बसली आहेत आणि उजव्या कडेला एक काळा मुलगा उभा आहे, गळ्यात चांदीचं कडं, त्याला कुलूप. त्याचं नाव कोणाला माहीत नाही. एखाद्या रविवारी जाऊन बघून ये. फोटो नको पाठवू, तुला त्याचा चेहरा कसा वाटला ते लिही.

मग छान आहे. कान जरा लहान आहे, बोट जात नाही.

तुझी,
आई