भाड्याने गाडी घेण्याआधी एवढं वाच

चँडलर, ॲरिझोना
१४ ऑगस्ट

प्रिय श्रीधर,

परवाचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर उरकावंसं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनींचा आणि काकूंचा व्हिसा झाला, तिकिटं निघाली, आता दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही खरंच येताय! लास वेगसला उतरायचं, झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, पेज गाव, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिण काठ, असं करत आठव्या दिवशी आमच्या दारात, हा बेत मला फार आवडला. शेवटी तू विचारलंयस, "गाडीचं भाडं दिवसाला ४५ डॉलर आणि विमाही जवळजवळ तेवढ्याचाच. नाही घेतला तर चालेल ना? मी जपून चालवतो."

तू जपून चालवतोस हे मला सांगायला नको. भर पावसात कसारा घाटात तू चालवत होतास आणि मी मागे निवांत झोपलो होतो. पण तुझ्या मनात एक गोष्ट पक्की बसलीय, तीच आधी काढून टाकतो. तुला वाटतंय, थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, तर गाडीसोबत असतोच. आपल्याकडे ते खरं आहे. नाशिकला तू साधा थर्ड पार्टी विमा काढलास, तरी माणूस जखमी झाला किंवा दगावला तर त्या भरपाईला मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम विमा कंपनी भरते. इथे तसं नाही. नेवाडा राज्यात कायद्याने लागणारं किमान कवच एका जखमी माणसामागे २५,००० डॉलर, सगळे जखमी मिळून ५०,००० आणि समोरच्याच्या मालमत्तेसाठी २०,०००. भाड्याच्या गाडीसोबत फार तर एवढंच येतं. इथल्या दवाखान्यात एक मोठी शस्त्रक्रिया आणि आयसीयूचे चार दिवस त्यात बसत नाहीत. उरलेली रक्कम मागितली जाते ती चालवणाऱ्याकडे. २००५ पासून इथे केंद्राचा कायदाच आहे की, केवळ गाडीची मालक म्हणून भाड्याच्या कंपनीला जबाबदार धरता येत नाही.

तुझी नाशिकची पॉलिसी इथे लागू होत नाही. जादा पैसे भरून ती नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा शेजारच्या देशांपर्यंत वाढवता येते, अमेरिकेपर्यंत नाही. प्रवास विम्यात 'वैयक्तिक दायित्व' असं कलम दिसेल, पण गाडी चालवताना झालेलं नुकसान त्यातून बहुतेक वेळा वगळलेलं असतं. म्हणून 'लायबिलिटी'चं, म्हणजे समोरच्याला भरपाई द्यायच्या जबाबदारीचं, वाढीव कवच तू घ्यायचंच. गाडी घेतानाच्या काउंटरवर त्याला एसएलआय (सप्लिमेंटल लायबिलिटी इन्शुरन्स) म्हणतात. ते बहुधा ३ लाख ते १० लाख डॉलरपर्यंतचं असतं. इथे मी तुझं काही ऐकणार नाही. नोकरीच्या वीस वर्षांत तू जे साठवलंयस, ते एका सिग्नलवर पणाला लावायचं नाही.

दुसरा भाग त्यांच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू, थोडक्यात 'वेव्हर'. हा खरं तर विमा नव्हेच. गाडीला काही झालं तर तुमच्याकडून वसूल करणार नाही, असं कंपनीने पैसे घेऊन दिलेलं वचन. इथे नुकसानीला वरची हद्द असते, गाडीची किंमत आणि वरचे खर्च. त्यामुळे हे नाकारणारा प्रत्येक जण चूक करतो असं मी म्हणणार नाही. मीही कित्येक वर्षं नाकारत आलो.

मग आई-बाबा आले होते तेव्हा झायनला वाहनतळावर गाडी मागे घेताना ती एका बसक्या दगडाला लागली. आवाज एवढा बारीक की बाबा म्हणाले, "बाटली पडली का रे?" उतरून पाहिलं तर बंपरचा कोपरा आत गेलेला आणि दिव्याच्या काचेवर केसाएवढी रेघ. तीन आठवड्यांनी बिल आलं. दुरुस्तीचे १,८४० डॉलर. गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये होती, तिचं बुडालेलं भाडं रोजचे ४८ प्रमाणे ४३२. कागदपत्रांचे १००. माझ्या स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीने दुरुस्तीतले पहिले हजार सोडून बाकीचे दिले. बुडालेलं भाडं आणि कागदपत्रांचा खर्च तिच्यात बसत नव्हता. १,५३२ डॉलर माझ्या खिशातून गेले. सहा दिवसांचं वेव्हर मला १६८ डॉलरला मिळत होतं. एका क्रेडिट कार्डावर हे कवच फुकट होतं, पण भाडं मी दुसऱ्याच कार्डावर भरलं होतं. ज्या कार्डावर पूर्ण भाडं भरलं, तेच कामाला येतं.

म्हणूनच, "तुझ्या कार्डावर बुक करू का?" या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. करारावर मुख्य चालक म्हणून कार्डधारकाचं नाव लागतं, आणि एवढं करूनही ते कवच फक्त गाडीचं. समोरच्या माणसाचं नाही.

आता तुझ्या फायद्याचं. बुकिंग करताना राहण्याचा देश भारत निवडून बघ. परदेशी पाहुण्यांसाठीच्या दरात बऱ्याचदा वेव्हर आणि लायबिलिटी दोन्ही धरलेली असतात, आणि काउंटरवर वेगळं घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तसं नसेल, तर मी गेल्या वेळी दोन्ही मिळून दिवसाला ४७ भरले होते. आठ दिवसांचे ३७६ डॉलर, म्हणजे तीस हजारांच्या वर रुपये. रक्कम बोचते, मला कळतं. तरी घे.

बुकिंगचं व्हाउचर छापून हातात ठेव. विमानतळावरून बसने भाड्याच्या गाड्यांच्या केंद्रावर जावं लागतं, तोवर तुम्ही चोवीस तासांचे जागे असाल. काउंटरवरचा माणूस टॅबलेट पुढे सरकवेल आणि "इथे बोटाने सही, इथे सही" म्हणत जाईल. व्हाउचरमध्ये जे आहे ते पुन्हा विकलं जातं ते तिथेच. प्रत्येक ओळ वाच, मागे रांग असली तरी. अपघाती वैद्यकीय आणि सामानाचं कवच नको म्हण. तुमच्या प्रवास विम्यात ते आहे. काचा आणि टायर वेव्हरमध्ये येतात का, ते मात्र विचार. या रस्त्यांवर ट्रकमागून खडे उडतात.

वहिनी थोडा वेळ जरी चालवणार असतील, तरी त्यांचं नाव करारात घाल. नाव नसलेल्याच्या हातून काही झालं तर घेतलेलं सगळं कवच फुकट जाऊ शकतं. कच्च्या रस्त्यावर गाडी घातली तरी तेच. पेजच्या आसपास लाल मातीचे रस्ते फार मोह घालतात, तिथे जायचं नाही. निघण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढ, चाकं आणि छतासकट.

व्हाउचर आलं की मला पाठव, शनिवारी बसून ओळ न् ओळ वाचतो. आणि काकूंना सांग, ब्राइस आठ हजार फुटांवर आहे, ऑक्टोबरच्या शेवटी रात्री पाणी गोठतं. त्यांची ती तपकिरी शाल पेटीत नको, हातातल्या पिशवीत ठेवा.

तुझा,
मिलिंद