मन्या, तुझ्या त्या 40 तोफांबद्दल

प्रिय मन्या,

परवा फोनवर आपलं भांडण अर्धवट राहिलं, तू चिडून फोन ठेवलास की बॅटरी गेली देव जाणे, म्हणून आता लिहूनच काढतो. तुझं म्हणणं काय, तर ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याकडे 40 तोफा होत्या, तो कुठल्याही युद्धनौकेला पुरून उरला असता. अरे तोफा होत्या रे, पण क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज हे त्याचं जहाज मुळात फ्रेंचांचं, गुलाम वाहणारं, 1717 च्या शेवटी त्याने पकडलं, आणि 1718 च्या जूनमध्ये ते वाळूत रुतून बसलंसुद्धा! मग साहेब परत छोट्या गलबतावर.

आणि खरं सांगू का, छोटं गलबत हीच चाच्यांची खरी ताकद. चाच्याला मुळात समोरचं जहाज बुडवायचंच नसतं, बुडालं तर माल पण तळाला गेला ना. तोफा धाक दाखवायला, बाकी काम माणसांचं. व्यापारी जहाजावर पंधरा-वीस खलाशी, समोरून ऐंशी-शंभर जण तलवारी नाचवत येतायत, कोण मरायला उभं राहील दुसऱ्याच्या मालासाठी?

युद्धनौका दिसली की मात्र पळायचं, बस्स. 50 तोफांचं आरमारी जहाज म्हणजे ओकच्या जाडजूड फळ्या, दोन मजले तोफा आणि रोज सराव केलेले गोलंदाज, त्याच्यापुढे उभं राहणं वेडेपणा. पण त्याला खोल पाणी लागतं, आणि गरम समुद्रात तळाला शेवाळ-शिंपले चिकटून ते मंद होतं. चाचे कुठल्यातरी निर्जन किनाऱ्यावर गलबत आडवं करून तळ खरवडून घ्यायचे, म्हणून वेग टिकायचा. (हे काम मला सगळ्यात भारी वाटतं, लुटालुटीपेक्षा जास्त वेळ यातच जात असेल.)

मग ब्रिटिश आरमाराने केलं काय? नोव्हेंबर 1718 मध्ये लेफ्टनंट मेनार्डने मोठी जहाजं मागेच ठेवली आणि भाड्याची दोन गलबतं घेऊन ब्लॅकबिअर्डला गाठायला अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ओक्राकोक बेटाला गेला, एक तोफ नाही सोबत! ब्लॅकबिअर्डच्या तोफांनी त्याची बरीच माणसं पडली, उरलेली त्याने डेकखाली लपवली, गलबत रिकामं वाटलं म्हणून हा दाढीवाला उडी मारून चढला आणि खालून सगळे बाहेर आले. संपला.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या दुसऱ्या चाच्याचं तर अजून मजेदार. फेब्रुवारी 1722, आफ्रिकेच्या केप लोपेझजवळ स्वॅलो नावाची युद्धनौका उथळ जागा टाळायला वळली, चाच्यांना वाटलं व्यापारी जहाज घाबरून पळतंय, एक जहाज मागे सोडलं. स्वॅलोच्या कॅप्टन ओगलने त्याला मुद्दाम मागे येऊ दिलं, तोफांचा आवाज बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतकं लांब नेलं, आणि मग खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या उघडल्या. पाच दिवसांनी परत येऊन रॉबर्ट्सला गाठलं, त्याची माणसं बरीचशी दारू पिऊन पडलेली, तो स्वतः छर्‍यांनी गेला. वेष बदल, पळायचं नाटक कर, माणसं लपव, हे सगळे धंदे कुणाचे होते रे? आणि ओगलला त्याबद्दल 'सर' केलं!

आता तुझं उत्तर दे, आणि फोन करणार असशील तर आधी चार्ज करून बस.

तुझाच,
बंड्या