तलाव खणण्याआधी विहीर मोज

ब्रिस्बेन,
२ जून

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला नकाशा चार दिवस टेबलावर उघडाच आहे. आबांनी आपल्याला पाठीला डबा बांधून ज्या विहिरीत पोहायला शिकवलं, तिच्या पलीकडंच आता पोरांसाठी पोहायचा टँक होणार, हे बघून फार आनंद झाला. म्हणूनच मोकळेपणानं लिहिते. टाईल्स, कारंजं, दिवे हे नंतर बघू. आधी जमिनीखालच्या पाण्याचा विचार कर.

२०२२ च्या फेब्रुवारीत इथं मोठा पूर आला होता. पाणी ओसरल्यावर मागच्या गल्लीत एकांनी गाळ काढायला म्हणून आपला टँक पंपानं पार उपसला. जमीन अजून पाण्यानं गच्च होती. सकाळी बघतात तर टँकचा एक कोपरा वीतभर वर आलेला, कडेची फरशी उखडलेली. गुऱ्हाळाची रिकामी काहील पाण्यात सोडली की तरंगते ना, तसंच झालं ते.

तुझ्या टँकचा हिशेब मी मांडून बघितला. आठ बाय चार मीटरचा तळ. भोवतीचं पाणी त्या तळाच्या मीटरभर वर आलं की ते टँकला बत्तीस टनांनी वर ढकलतं. सहा इंची काँक्रीटचा तळ आणि भिंती मिळून वजन भरतं बावीस-तेवीस टन. आत पाणी असेल तर टँक जागचा हलत नाही, रिकामा असेल तर उचलला जातो. आणि आपल्या मळ्यात आषाढात विहिरीचं पाणी हाताला लागतं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की काय होतं, ते तुला मी काय सांगू?

म्हणून तळाखाली खडीचा थर घालून घे. त्यात भोकं पाडलेला पाइप टाकून तो बाजूच्या एका खोल खड्ड्यात सोड, म्हणजे साचलेलं पाणी मोटरीनं उपसता येईल. तळात खालचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्हही बसव. पाणी आत आलेलं परवडतं, टँक वर आलेला नाही. पावसाळ्यात काही झालं तरी टँक रिकामा करायचा नाही. फिल्टर आणि मोटर ओट्यावर ठेव, आणि तो ओटा गोठ्याच्या भिंतीवर आबांनी मारलेल्या २०१९ च्या महापुराच्या रेघेपेक्षा उंच बांध.

दुसरं, आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि भिंतीला तडा जातो. ती काढून मुरूम भर, थराथरानं पाणी मारून धुम्मसानं ठोकून घट्ट कर. पैसे वाचवायचे तर कारंज्यात वाचव, इथं नको.

खोलीबद्दल तुझं माझं पटणार नाही. तू सात फूट म्हणतोस, उडी मारायला. मी तीन ते साडेचार फूट म्हणते. पाणी साडेछत्तीस हजार लिटरच्या आसपास लागेल आणि आपला छोटा चिकू उभा राहू शकेल. त्याला जलतरणपटू विरधवल खाडेंसारखं ऑलिंपिकला जायचंय, तर त्या सरावासाठी शहरातला मोठा टँक आहेच. घरी त्याला पाण्याची सवय होऊ दे.

आणि कुंपण. नकाशात ते कुठंच नाही, यानं मला झोप लागेना. इथं फूटभर पाणी साचणाऱ्या टँकलाही कुंपण कायद्यानं लागतं, निदान १.२ मीटर उंच. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडलं की आपोआप मिटून कडी लागणारं. जवळ खुर्ची, कुंडी, चढता येईल असं काही ठेवायचं नाही. तेवढं तर करच. जागाही आंब्यापासून जरा सरकव, म्हणजे पाला पडणार नाही आणि वहिनींना स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा टँक दिसेल. पण कुंपण असलं तरी मोठं माणूस काठावर बसलंच पाहिजे.

या पावसाळ्यात खणू नकोस. दर रविवारी विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोज आणि तारखेसकट लिहून ठेव. आबांची गाठी मारलेली दोरी गोठ्यातल्या खुंटीला असेल, प्रत्येक गाठ हातभर. दिवाळीला मी येईन तेव्हा ती वही घेऊन दोघं मिळून तळाची खोली ठरवू.

आई-आबांना आणि वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी धाकटी,
शुभा