मैदानावरील साहित्याची चोरी आणि भंगाराचे दुकान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या मैदानांवरून खेळाचे साहित्य चोरीला जाणे ही गोष्ट नवी नाही. परंतु चोरीला गेलेल्या गोळ्याची, भाल्याची किंवा व्हॉलीबॉलच्या खांबाची बातमी होत नाही, पोलिसांत तक्रार झालीच तर ती पुढे सरकत नाही, आणि वर्ष-सहा महिन्यांत वर्गणी काढून तेच साहित्य पुन्हा विकत घेतले जाते. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम करून मी निवृत्त झालो आणि आजही सकाळ-संध्याकाळ मैदानावर जातो. याविषयी अनुभवाने जे कळले ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः शाळा, तालीम मंडळे व ग्रामपंचायती चालवणाऱ्यांपुढे, मांडावेसे वाटते.

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मैदानाच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या खोलीचे कुलूप कोयंड्यासकट उचकटले गेले आणि 7.26 किलोचे चार व 4 किलोचे तीन गोळे, पाच भाले, थाळीफेकीच्या सहा थाळ्या आणि दहा लोखंडी हर्डल (शर्यतीत उडी मारून ओलांडायचे अडथळे) नेले गेले. त्याच खोलीत नवी जाळी होती, चेंडू होते, क्रिकेटची मॅट होती; त्यांना कोणी हात लावलेला नव्हता. दोन दिवसांनी ओढ्याच्या काठी थाळ्यांच्या लाकडी चकत्या पडलेल्या सापडल्या, त्यांच्या कडेची लोखंडी धाव तेवढी काढून घेतलेली होती. नेणाऱ्याला खेळाचे साहित्य नको होते, धातू हवा होता. बिडाचा जो गोळा घ्यायला आम्हाला हजार-बाराशे रुपये लागतात, त्याचे भंगारात दीडशे-दोनशे रुपये येतात. तेवढ्या पैशांसाठी ही चोरी झाली.

या वस्तू कोण वापरत होते, हे सांगायला हवे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पन्नासपैकी पंधरा गुण गोळाफेकीचे असतात, मुलांसाठी 7.26 किलोचा आणि मुलींसाठी 4 किलोचा गोळा असतो. आमच्या मैदानावर पहाटे पाचला येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेक शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील असून त्यांना स्वतःचा गोळा घेणे परवडत नाही, त्यामुळे त्या सात गोळ्यांवर चाळीस-पन्नास मुलामुलींचा सराव चालत असे. एकेका गुणाने निवड हुकते, असा तो मामला आहे. याच जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलींनी हर्डल रांगेत मांडून त्यांवरून उड्या मारायला सुरुवात केली होती. चोरीनंतरचे अनेक महिने त्यांच्यानंतरच्या मुलींना विटांवर बांबू ठेवून सराव करावा लागला.

पोलीस ठाण्यात आमची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली गेली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते इतरांच्याही वाट्याला येणार आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) नुसार, चोरीच्या वस्तूंची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते, आणि ही चोरी अदखलपात्र गुन्ह्यांत मोडते. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आमचे साहित्य जुने म्हणून त्याची किंमत साडेचार हजार धरली गेली. खरेदीच्या पावत्या आमच्याकडे नव्हत्या आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे साहित्याच्या नोंदवहीत, शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची होती, त्यामुळे त्या किमतीवर आम्हाला काही बोलता आले नाही. हा दोष आमचा होता आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु त्या वेळी जी गोष्ट आम्हाला माहीत नव्हती आणि ठाण्यातही कोणी सांगितली नाही ती अशी, की कुलूपबंद खोलीतून झालेल्या चोरीला पाच हजारांची ही मर्यादा लागूच होत नाही. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत झालेली चोरी कलम 305 खाली येते, तिला सात वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि वस्तू पाचशे रुपयांची असो की पाच लाखांची, ती दखलपात्र आहे. शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेची चोरीही याच कलमात आहे. म्हणजे नगरपालिकेच्या उद्यानातील ओपन जिमचे पायडल किंवा ग्रामपंचायतीने उभारलेला कबड्डीच्या मैदानावरचा दिवा उघड्यावरून गेला तरी त्याची एनसी (अदखलपात्र नोंद) करून बोळवण करता येत नाही. गावोगावच्या सरपंचांनी आणि मुख्याध्यापकांनी हे कलम लक्षात ठेवावे. तक्रार घेतली गेली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आम्ही तसे केले, आणि तीन आठवड्यांनी गुन्हा दाखल झाला. पुढचा तपास ठाण्यातील ज्या हवालदारांकडे आला त्यांनी तो मनापासून केला, हेही नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

त्यांच्याबरोबर आम्ही शेजारच्या गावातील एका भंगाराच्या दुकानी गेलो, तेव्हा पत्र्याच्या ढिगाआड तीन गोळे दिसले. मी ते हातात घेतले. मला ते आमचेच वाटले आणि आजही तसेच वाटते. परंतु त्यांवर कोणतीही खूण नव्हती. बिडाचा एक गोळा दुसऱ्यासारखाच दिसतो, आणि पंचनाम्यात ‘मला वाटते’ याला काही किंमत नसते. गोळे तिथेच राहिले. हर्डलची गोष्ट वेगळी झाली. पूर्वी मोडलेल्या दोन हर्डलना आमच्या एका माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून दिले होते. ती ओबडधोबड गाठ त्याने लगेच ओळखली, त्याच्या मोबाईलमध्ये तिचा जुना फोटोही निघाला, आणि तेवढेच दोन हर्डल जप्त होऊ शकले. एकाच ढिगातल्या दोन वस्तूंपैकी खूण असलेली परत आली आणि नसलेली गेली, हे डोळ्यांदेखत पाहिल्यापासून साहित्याच्या सुरक्षिततेविषयी माझे विचार बदलले.

चोरी झाली की सीसीटीव्ही बसवावा, अशी सूचना सर्वांत आधी होते. त्याला माझा विरोध नाही, पण ज्या मैदानावर रात्री वीज नसते तिथे कॅमेऱ्याचा उपयोग थोडा, आणि काही ठिकाणी तर कॅमेराच चोरीला गेलेला मी पाहिला आहे. त्याऐवजी लोहाराकडे मिळणारा अक्षरांचा व अंकांचा पंच (धातूवर ठसा उमटवायचे साधन) आणि हातोडी घेऊन सरावाच्या प्रत्येक गोळ्यावर संस्थेची आद्याक्षरे व क्रमांक ठोकावेत. खर्च काही शे रुपये आणि वेळ एका दुपारचा. हर्डलच्या पायावर, खांबांवर आणि रोलरवर वेल्डिंगनेच अक्षरे उठवावीत, कारण रंग खरवडता येतो. भाल्याच्या दांड्यावर मात्र काहीही कोरू नये, त्याने दांडा कमकुवत होतो; तिथे पकडीजवळ तैलरंगाने क्रमांक घालावा. स्पर्धेच्या गोळ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा लागतो, म्हणून ते वेगळे ठेवून कुलूपबंद कपाटात जपावेत. व्हॉलीबॉलचे खांब सिमेंटमध्ये गाडलेल्या नळीत बसवले तर सुट्टीत ते काढून आत ठेवता येतात. कायमचे असतील तर बोल्टवरचा नट वेल्डिंगचा टाका मारून पक्का करावा. मुले ज्या सायकलींवरून येतात त्यांच्याही पायडलच्या आसाखाली बहुधा क्रमांक ठोकलेला असतो. तो पालकांनी वहीत उतरवून ठेवावा आणि सायकलसह एक फोटो काढावा.

हा क्रमांक, फोटो आणि पावती या तिन्ही गोष्टी रजिस्टरमध्ये एका ओळीत असाव्यात आणि सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मोजणी करून सही व्हावी. चोरी नेमकी कोणत्या दिवसांत झाली हे सांगता न आल्याने तपास किती अडतो, हे आम्ही अनुभवले आहे. विमा काढायचा असेल तर घरफोडीच्या विम्याची भरपाई मागतानाही हीच कागदपत्रे लागतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येतो. लोखंड उचलणारा माणूस बहुतेक वेळा अत्यंत गरीब किंवा व्यसनात अडकलेला असतो, आज एक पकडला तर उद्या दुसरा येतो. परंतु त्याचा माल घेणारे दुकान तेच असते. न्याय संहितेच्या कलम 317(2) नुसार, माल चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना अप्रामाणिकपणे तो घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मोटारीचा सुटा भाग किंवा पाण्याचा पाइप कुठूनही आलेला असू शकतो, परंतु सव्वासात किलोचा गुळगुळीत गोळा घेऊन एखादा अनोळखी माणूस रात्री दुकानात येतो तेव्हा तो कुठून आला असावा, याचा विचार न करण्याला सबब राहत नाही. हर्डल, भाला, ओपन जिमची बैठक या वस्तू घरोघरी नसतात. म्हणून प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील भंगार व्यापाऱ्यांची बैठक घेऊन, अशी वस्तू आली तर विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र आणि वस्तूचा फोटो नोंदवून ठाण्याला कळवावे, असे त्यांना लेखी सांगावे. सर्वच व्यापारी दोषी आहेत असे मी म्हणत नाही. आमच्याच गावातील एका दुकानदाराने मागच्या उन्हाळ्यात पोत्यात आलेले बास्केटबॉलचे कडे पाहून स्वतःहून शाळेला फोन केला आणि ते कडे शाळेला मिळाले. त्यांना कोणीतरी विश्वासात घेऊन सांगितले होते, एवढाच फरक.

अखेरची तक्रार मुद्देमालाविषयी आहे. जप्त झालेले आमचे दोन हर्डल सात महिने पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात पावसात उभे होते. जप्त मालाचा पंचनामा व छायाचित्रे घेऊन तो लवकर मूळ मालकाला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितले आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये न्यायालयाने चौदा दिवसांत मालाचे विवरण व त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश करावा, अशी मुदतही घातली आहे. तरीही अर्ज कोणी करायचा, कागद कोणत्या टेबलावर आहे, हे शोधण्यात आमच्या मुख्याध्यापिकांच्या अकरा फेऱ्या झाल्या, आणि हर्डल गंजून परत आले तेव्हा शालेय स्पर्धांचा हंगाम संपला होता. शाळांच्या साहित्यासाठी तरी हा अर्ज ठाण्यातूनच भरून घेतला जावा, अशी पोलीस अधीक्षकांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

गावकऱ्यांच्या वर्गणीतून आलेल्या आमच्या नव्या सात गोळ्यांवर आता क्रमांक ठोकलेले आहेत. तालुक्यातील ज्या शाळेला किंवा मंडळाला पंचाचा संच हवा असेल त्यांनी तो आमच्या मैदानावरून न्यावा. वहीत नाव लिहून सही करावी आणि काम झाल्यावर परत आणून द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
जि. सातारा