हायब्रीड गाडीला निदान सीएनजीच्या दराने कर लावा

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

नवी गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची, असे आमच्या घरी ठरले होते. परंतु चार्जरच्या परवानगीचा विषय आमच्या सोसायटीच्या सलग दोन वार्षिक सभांत ‘पुढील सभेत घेऊ’ म्हणून बाजूला पडला आणि मी हायब्रीडकडे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाडीकडे, वळलो. चाचणीसाठी गाडी कर्वे रस्त्यावरून ऐन संध्याकाळी नेली, तर नळस्टॉपपर्यंत बराच वेळ इंजिन बंदच होते, आणि ब्रेकवर पाय ठेवला की पडद्यावरचा बाण चाकांकडून बॅटरीकडे वळत होता, म्हणजे बॅटरी भरत होती.

मग कोटेशन हाती आले. शोरूममधली किंमत अठरा लाख धरली, तर पेट्रोल गाडी म्हणून १२ टक्क्यांनी २ लाख १६ हजार रुपये मोटार वाहन कर होतो. याच किमतीच्या सीएनजी गाडीला ९ टक्के, म्हणजे ५४ हजार कमी, आणि इलेक्ट्रिक गाडीला तर आपल्या २०२५ च्या धोरणानुसार माफीच. चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर ४० टक्के जीएसटी आहे, पण तो प्रश्न दिल्लीचा. मोटार वाहन कर मात्र राज्याच्या हातात आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा, म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही धावू शकणाऱ्या हायब्रीडचा, नोंदणी कर पूर्ण माफ केला. त्याच महिन्यात आपल्या सरकारने छत्रपती संभाजीनगर येथे इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांच्या सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करशी करार केला. कारखान्यासाठी पायघड्या आणि त्याच तंत्राची गाडी घेणाऱ्याला पेट्रोलचा दर, हे मला तरी उमगत नाही.

हायब्रीडही शेवटी पेट्रोलच जाळते, म्हणून मी पूर्ण माफी मागत नाही. सीएनजीचा दर लावावा, एवढीच विनंती आहे, आणि तीही नुसत्या इलेक्ट्रिक मोटरवरही धावू शकणाऱ्या हायब्रीड गाड्यांपुरती. ही अट शासन निर्णयात स्पष्ट हवी, कारण अशा गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या २०१५ च्या फेम योजनेत इंजिनाला जेमतेम हातभार लावणाऱ्या माइल्ड हायब्रीडलाही अनुदान मिळत होते आणि ते २०१७ मध्ये थांबवावे लागले.

दर बदलणार असेल, तर दसऱ्यापूर्वी कळवावे. आमच्यासारखे बरेच जण तोवर बुकिंग लांबवतील.

आपला नम्र,
पुण्यातील एक ग्राहक