‘सूत्रांनुसार’ अमुक तमुक संघात

महोदय,

फॉर्म्युला वनच्या रविवारी आमच्या घरी रात्रीचं जेवण टीव्हीसमोरच होतं. सोमवारी पेपर उघडावा, तर शर्यतीला चार ओळी आणि ‘पुढच्या मोसमात कोण कुठे’ याला अर्धं पान! २०२५च्या उन्हाळ्यात रेड बुल संघाचा ड्रायव्हर वेर्स्टापेन मर्सिडीज संघाकडे निघालाच, असं वातावरण होतं. हंगेरीच्या शर्यतीआधी त्यानेच सांगितलं, रेड बुल सोडत नाही. झालं, सगळी हवा गेली.

बरं, संघाने स्वतः जाहीर केलेलंही टिकत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये अल्पीन संघाने पुढच्या मोसमाचा ड्रायव्हर म्हणून पियास्त्रीचं नाव जाहीर केलं आणि त्याच दिवशी पठ्ठ्याने ‘मी तुमच्यासाठी चालवणार नाही’ असं कळवून टाकलं. करार तपासणाऱ्या मंडळानेही त्याच्याशी करार केलेल्या मॅक्लारेन संघाच्या बाजूने कौल दिला. ड्रायव्हर हॅमिल्टनचा मर्सिडीजशी २०२५पर्यंत करार होता, तरी २०२५पासून तो फेरारीचा, असं फेब्रुवारी २०२४मध्येच जाहीर झालं. करारात मध्येच बाहेर पडायची सोय होती ना!

यात भरडला गेला फेरारीचा ड्रायव्हर साइन्झ. हॅमिल्टनमुळे जागा गेलेली, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तरी जेमतेम दोन आठवड्यांनी मेलबर्नला पहिला आला. विल्यम्स संघाशी करार व्हायला मात्र जुलैअखेर उजाडली.

अफवा जरूर छापा, मीही चवीने वाचतो. फक्त सोबत कराराची मुदत आणि सुटकेच्या अटी जाहीर असतील तेवढ्या द्या. आणि शर्यतीत टायर कधी बदलले, तेही!

— एक वाचक, डोंबिवली